एका ‘पण’ला पाच जपानी शब्द

जपानी कोशात ‘पण’ शोधा. देमो, केदो, गा, शिकाशी, दागा. पाचही शब्दांपुढे अर्थ एकच. जे.एल.पी.टी. या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पार करून एन-३च्या तयारीला लागलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळतं, “शिकाशी फॉर्मल, केदो कॅज्युअल.” उत्तर चूक नाही, पण त्याने भागत नाही. कारण मग ‘दागा’चं काय? वर्तमानपत्राच्या अग्रलेखात तो सर्रास दिसतो, म्हणजे फॉर्मल असला पाहिजे. तरी ऑफिसात साहेबांशी बोलताना ‘दागा’ म्हणालात, तर साहेब चमकून बघतील.

घोळ ‘फॉर्मल’ या शब्दातच आहे. त्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. समोरच्या माणसाशी मी किती अदबीने वागतोय, ही एक. मी वापरतोय तो शब्द किती पुस्तकी, किती भारदस्त आहे, ही दुसरी. जपानीत या दोन्ही गोष्टी एकमेकींना न विचारता वरखाली होतात.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर जड जाऊ नये, कारण आपल्याकडे दोन्ही आहेत. तू, तुम्ही, आपण ही पहिली पट्टी. ‘सांगितलं’ आणि ‘सांगितले’ यांतला फरक ही दुसरी. ‘सांगितले’ लिहिल्याने कुणाचा मान वाढत नाही, मजकूर फक्त छापील होतो. “राजाने सेवकाला विचारले, ‘तू कुठे गेला होतास?’” हे वाक्य छापील आहे आणि त्यात ‘तू’ही आहे. “तुम्ही काय सांगितलं होतं?” हे बोलीतलं आहे आणि त्यात पूर्ण मान आहे. आपण हे दिवसभर बिनचूक करतो. जपानी शिकायला बसलो की मात्र दोन्ही पट्ट्या एकच धरून चालतो.

जपानीतली पहिली पट्टी म्हणजे देस-मास. वाक्याच्या शेवटी ‘देस’ किंवा ‘मास’ आलं की ऐकणाऱ्याची अदब राखली गेली. ते नसेल तर बोलणं घरगुती, किंवा समोर विशिष्ट असा कुणी नाहीच. दुसरी पट्टी शब्दांच्या निवडीची. आज फार उकडतंय, एवढंच सांगायचं आहे असं समजा. (पुढे जिथे ऽ दिसेल तिथे आधीचा स्वर लांबवायचा.)

मित्राला: “क्योऽ, मेच्चा आत्सुइ.”

शेजारच्या काकूंना: “क्योऽ वा सुगोकु आत्सुइ देस ने.”

एखाद्या अहवालात किंवा रोजनिशीत: “क्योऽ वा हिज्योऽ नि आत्सुकात्ता.”

जुन्या वळणाच्या दुकानात गिऱ्हाइकाला: “होन्जित्सु वा ताइहेन ओआत्सुऽ गोझाइमास.”

पहिलं आणि चौथं वाक्य कुणालाही ओळखता येतं. खरी गंमत मधल्या दोघांत आहे. ‘सुगोकु’ हा बोलीतला शब्द, आपल्या ‘जाम’च्या जवळ जाणारा, पण ‘देस’ लागल्यामुळे काकूंचा मान राहिला. ‘हिज्योऽ नि’ हा ‘अत्यंत’सारखा भारदस्त शब्द, पण वाक्यात ‘देस’चा पत्ता नाही. तरी ते उद्धट वाटत नाही, कारण ते कुणाला उद्देशून बोललेलंच नाही. आसाही, योमिउरी यांसारखी वर्तमानपत्रं ‘दा’ आणि ‘दे आरु’ या शेवटांनी लिहितात ती याच कारणाने. उलट एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या संकेतस्थळावरच्या बातम्या देस-मासमध्ये असतात. ती बातमी मुळात प्रेक्षकाला वाचून दाखवायची असते. बातमी तीच, तिचं गांभीर्यही तेच. एकीकडे समोर माणूस धरलेला आहे, दुसरीकडे नाही.

आता त्या पाच ‘पण’कडे वळू.

‘देमो’ वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि तो बोलीतला आहे. पुढे देस-मास ठेवून तो अदबीच्या बोलण्यातही चालतो. फक्त वरिष्ठांनी काही सांगितल्यावर लगेच “देमो…” म्हणून तोंड उघडलं, की ते ‘पण मी काय म्हणतो’ छापाचं, सबब सांगितल्यासारखं वाटतं. ‘केदो’ दोन वाक्यं जोडतो, तोही बोलीतला. त्याचा एक जास्तीचा उपयोग आहे: “सुमिमासेन, कोपी ओ तोरिताइन देस केदो…” असं म्हणून वाक्य तिथेच सोडून द्यायचं. झेरॉक्स काढायची होती, पण… पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. ‘गा’ हाही जोडणाराच, मात्र तो बोलण्यात केदोपेक्षा नेटका वाटतो आणि लिखाणातही चालतो. ‘शिकाशी’ म्हणजे आपला ‘परंतु’. लेखात, भाषणात शोभतो. मित्रांच्या गप्पांत कुणी “परंतु मला भूक लागली आहे” म्हणालं तर जसं हसू येईल, तसंच तिथेही येतं. आणि ‘दागा’ त्याच वजनाचा असला तरी तो ‘दा’ या बिनअदबीच्या शेवटापासून बनलेला आहे. म्हणून तो ‘दा-दे आरु’च्या मजकुरातच शोभतो. देस-मासमध्ये लिहीत असाल तर त्याच्या जागी ‘देस गा’ येतो. साहेब का चमकले, ते आता कळेल: शब्द भारदस्त होता, पण अदब शून्य होती.

एक बारकावा पाठ्यपुस्तकं चटकन सांगून पुढे जातात. ‘गा’च्या दोन्ही बाजूंची पातळी सारखी लागते. “इकिमाशिता गा, इमासेन देशिता” (गेलो होतो, पण ते नव्हते) हे सुबक. “इत्ता गा, इमासेन देशिता” हे लंगडं. डावीकडे घरगुती रूप, उजवीकडे अदबीचं. ‘केदो’ मात्र हे खपवून घेतो: “इत्ता केदो, इमासेन देशिता” रोज ऐकू येतं. केदो बोलीतला का, याचं उत्तर अशा सैलपणातही आहे. ‘कारा’ आणि ‘नोदे’ (दोन्हींचा अर्थ ‘म्हणून’) यांचंही थोडंफार असंच. उशीर झाल्यावर “देन्शा गा ओकुरेता कारा” म्हटलं की ‘गाडीच लेट होती, मी काय करू’ असा सूर लागतो. “देन्शा गा ओकुरेता नोदे” मऊ पडतं. वाक्याच्या सुरुवातीला ‘नानोदे’ लावण्याची हल्लीची सवय बोलण्यात चालून जाते. निबंधात तिथे ‘शितागात्ते’ किंवा ‘सोनो तामे’ लिहावं.

दुसऱ्या पट्टीचा मोठा भाग शब्दांच्या कुळावर ठरतो. जपानी शब्दसंग्रहात ठळक तीन कुळं आहेत. मूळचे देशी शब्द ते वागो, चिनी मुळाचे ते कान्गो, आणि बहुतेक पाश्चात्त्य भाषांतून आलेले, काताकाना लिपीत लिहिले जाणारे ते गाइराइगो. सुरू करणे: हाजिमेरु, काइशी सुरु, सुताऽतो सुरु. दुपारचं जेवण: हिरुमेशी, च्यूऽश्योकु, रान्ची. आपण ‘सुरू करणं’, ‘प्रारंभ करणे’ आणि ‘स्टार्ट करणं’ यांत जसं वावरतो, तसंच हे. देशी शब्द जवळचा, संस्कृत वा चिनी शब्द कागदोपत्री, परका शब्द चटपटीत. कधी कधी शब्दाबरोबर वस्तूही बदलते: यादोया, र्योकान आणि होतेरु या तिन्ही ठिकाणी रात्र काढता येते, पण र्योकानात तातामीची चटई असते आणि होतेरुत पलंग.

इथे कांजीच्या (चिनीतून आलेल्या अक्षरांच्या) याद्या घोकून पुढे आलेला विद्यार्थी फसतो. त्याला वाटतं, कान्गो वापरला की बोलणं नम्र होतं. ‘खरेदी करणे’साठी ‘कोऽन्यूऽ सुरु’ शिकला की तो मैत्रिणीला सांगतो, “कुत्सु ओ कोऽन्यूऽ शिता.” बूट घेतले एवढंच सांगायचं होतं, ऐकू आली ती दुकानाची पावती. साहेबांना सांगतानाही साध्या ‘काइमाशिता’ने काम भागतं. अदब ‘माशिता’त आहे, ‘कोऽन्यूऽ’त नाही. व्याकरणाचीही तीच गत. वरच्या पातळ्यांच्या याद्यांत ‘-नि ओइते’ येतं, अर्थ ‘येथे’. सभा, समारंभ, करार यांच्यासाठी ते ठीक. “स्वयंपाकघरात जेवलो” हे सांगायला ‘नि ओइते’ लावलं, तर स्वयंपाकघरात अधिवेशन भरलं होतं की काय असं वाटेल. तिथे साधा ‘दे’ हवा.

दिवसांची नावं हा या विषयाचा माझा आवडता कोपरा. ‘उद्या’ ज्या दोन कांजींनी लिहितात, त्यांचा उच्चार आश्ता, आसु किंवा म्योऽनिची असा तीन तऱ्हांनी होतो. आश्ता घरात, आसु जरा नेटका, म्योऽनिची थेट कार्यालयीन पत्रातला. ‘काल’चंही तसंच: किनोऽ आणि साकुजित्सु. कागदावर अक्षरं तीच. मोठ्याने वाचणाऱ्याने आजूबाजूचे शब्द बघून ठरवायचं, आपण कोणत्या खोलीत उभे आहोत. शेजारी ‘गोझाइमास’ असेल तर म्योऽनिची, ‘देस’ असेल तर आसु किंवा आश्ता.

शब्द एकटे वर चढत नाहीत, सगळा गट चढतो. “थांब जरा” ही विनंती घ्या. मित्राला “च्योत्तो मात्ते.” वर्गात, ओळखीच्या मोठ्या माणसाला “च्योत्तो मात्ते कुदासाइ.” हे व्याकरणाने अदबीचं आहे, पण ‘कुदासाइ’ हे मुळात आज्ञेचंच रूप, त्यामुळे गिऱ्हाइकाला ते टोचतं. दुकानात, फोनवर ऐकू येतं ते “शोऽशोऽ ओमाची कुदासाइ.” त्याच्याही वर “शोऽशोऽ ओमाची इतादाकेमास का”, आणि शेवटाला “देशोऽ का” जोडून आणखी एक पायरी. वर जाताना ‘च्योत्तो’ गळून ‘शोऽशोऽ’ आला, क्रियापदाला मानाचा ‘ओ’ लागला, आणि आज्ञेचा प्रश्न झाला. कुणी “शोऽशोऽ मात्ते” म्हणालं तर अर्थ पोचेल, पण ते “क्षणभर प्रतीक्षा कर ना रे” असं ऐकू येईल. खालच्या पायरीचा एखादा शब्द वर नेला तर फारसं कुणी मनावर घेत नाही. वरचा शब्द खाली आणला की मात्र विनोद होतो.

‘शोऽशोऽ ओमाची’च्या पायरीला आपण केइगोच्या, म्हणजे जपानी आदरार्थी भाषेच्या अंगणात येतो. शाळेत त्याचे तीन भाग शिकवतात: समोरच्याला वर उचलणारी भाषा, स्वतःला खाली ठेवणारी भाषा आणि देस-मास. २००७ साली बुन्का शिंगिकाइ या सरकारी सल्लागार मंडळाने केइगोची मार्गदर्शिका काढली, तेव्हा तिनाचे पाच भाग केले. स्वतःला खाली ठेवणारी भाषा दोन भागांत फोडली, आणि शब्दांना नटवणारा ‘ओ’ वेगळा काढला (चहाला ओच्या म्हणतात तो). ही फोड उगाच नाही. जपानी स्टेशनांवर घोषणा होते, “मामोनाकु, देन्शा गा माइरिमास.” ‘माइरु’ हे ‘येणे’चं नम्र रूप. आगगाडी कुणापुढे नम्र होणार? ती नम्रता गाडीची नाही, प्रवाशांशी बोलणाऱ्याची आहे. गाडी ज्याच्याकडे येते त्याला उंच करण्यासाठी हा शब्द नसून जो ऐकतोय त्याच्यासाठी आहे, म्हणून त्याचा खण वेगळा.

मराठी माणसाची खरी परीक्षा इथून पुढे आहे. आपल्याकडे मान माणसाला चिकटलेला असतो. साहेबांबद्दल कुणाशीही बोलताना “साहेब बाहेर गेलेत”; वडिलांबद्दल जगाशी बोलताना “बाबा आलेत”. जपानीत मान माणसाला चिकटत नाही, आतला आणि बाहेरचा यांच्या मधल्या रेषेला चिकटतो. बाहेरच्या कंपनीचा फोन आला की आपले विभागप्रमुख तानाका-सान नुसते तानाका होतात: “तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास.” ‘सान’ गेलं, हुद्दा गेला, वर क्रियापदही नम्र रूपातलं. मराठी कानाला हा साहेबांचा अपमान वाटतो. त्याच साहेबांची चौकशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने केली, की पुन्हा सगळा मानमरातब. घरात आईला हाक मारताना ओकाऽसान, पण परक्याला आईबद्दल सांगताना हाहा. त्या ‘ओकाऽसान’ला घरात मुलं देस-मास न लावता सरळ एकेरी बोलतात, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. जपानी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या आयटी मंडळींची जीभ, माझ्या मते, या नियमाशी सर्वांत जास्त अडखळते, कारण तो घोकून येत नाही. आपल्या संस्काराच्या उलट दिशेने वळावं लागतं.

दुसरी अडचण ‘तुम्ही’ची. आपला ‘तुम्ही’ निर्धोक, म्हणून आपण त्याच्या जागी सगळीकडे ‘आनाता’ टाकतो. १९५२ साली जपानच्या भाषा सल्लागार मंडळाने यापुढच्या केइगोबद्दल शिफारशी केल्या, त्यांत ‘आनाता’ हेच प्रमाण रूप धरावं असं सुचवलंही होतं. लोकांनी ते काही मनावर घेतलं नाही. वरिष्ठांना ‘आनाता’ म्हणणं आजही चालत नाही. नाव आणि ‘सान’, किंवा हुद्दा, किंवा सरळ काहीच नाही. जपानी वाक्याला कर्ता लागतच नाही, ही सोय वापरावी. त्याच शिफारशींतली दुसरी गोष्ट मात्र रुजली: ‘आत्सुइ देस’सारखं विशेषणाला थेट ‘देस’ लावणं, जे तोवर पुष्कळांना अर्धवट वाटत असे.

“समजलं” म्हणायचं तर मित्राला ‘वाकात्ता’, साध्या अदबीत ‘वाकारिमाशिता’, साहेबांना किंवा ग्राहकाला लिहिताना ‘श्योऽची शिमाशिता’, आणि दुकानात गिऱ्हाइकाला ‘काशिकोमारिमाशिता’. ‘र्योऽकाइ शिमाशिता’ वरिष्ठांना म्हणू नये, असं शिष्टाचाराची पुस्तकं सांगतात. यावर खुद्द जपान्यांतही वाद आहे. आपण परक्यांनी त्या वादात न पडता ‘श्योऽची’ धरावं. काम संपवून निघणाऱ्याला ‘ओत्सुकारेसामा देस’ सगळ्यांना चालतं. ‘गोकुरोऽसामा’ वरच्याने खालच्याला म्हणायचं. सरांना गोकुरोऽसामा म्हणणं म्हणजे त्यांची पाठ थोपटणं.

आता एक गैरसमज: शंका आली की जास्त अदब वापरावी, म्हणजे सुरक्षित. नाही. अदब म्हणजे अंतरही. रोज सोबत जेवणारा मित्र महिनोन्‌महिने देस-मासमध्येच बोलत राहिला, तर समोरच्याला वाटतं, याला जवळीक नको आहे. आणि घरात एकेरी बोलणारं माणूस अचानक देस-मासवर आलं, तर काहीतरी बिनसलंय हे समजावं. “आपण जेवून घ्या, आम्हाला भूक नाही” या वाक्याचं तापमान मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. अदबीचा अतिरेक करून केलेल्या उद्धटपणाला जपानीत स्वतंत्र नाव आहे, इन्गिन बुरेइ. घरगुती पातळीवर उतरण्याचं आमंत्रण वडीलधाऱ्याने किंवा सीनियरने द्यायचं असतं: “तामेगुची दे इइ यो”, म्हणजे बरोबरीने बोललास तरी चालेल. ते आल्यावरही एकदम उडी मारू नये. एखादं ‘देस’ गाळत, ‘सोऽ देस ने’चं ‘सोऽ दा ने’ करत हळूहळू उतरावं.

हे सगळं परीक्षेतून कळतं का? जे.एल.पी.टी. जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यातही तिला मोठी गर्दी असते. पण तिच्यात लिहायचं काही नसतं, बोलायचंही नसतं, पर्याय निवडायचे. शब्द ओळखता आला की गुण. कोणता शब्द कुणापुढे उचलायचा, हे तिथे तोंडाने किंवा लेखणीने करून दाखवावं लागत नाही. त्यामुळे एन-२चं प्रमाणपत्र असलेला माणूस पहिल्याच ई-मेलमध्ये ‘देमो’ने वाक्य सुरू करतो, यात नवल नाही. तूर्त गरजेपुरतं बोलायचं असेल, तर देस-मास, साधे देशी शब्द, जोडायला ‘गा’ आणि कारणाला ‘नोदे’ एवढ्यावर नव्वद टक्के ठिकाणी निभावतं, हा माझा अंदाज.

उरलेल्या दहा टक्क्यांसाठी कोशापेक्षा कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा संग्रह, बरा. जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेने सुमारे दहा कोटी शब्दांचा लिखित जपानीचा संग्रह केलेला आहे आणि ‘च्यूऽनागोन’ या साधनातून, नावनोंदणी करून, तो चाळता येतो. (नाव हेइआन काळातल्या दरबारी पदाचं आहे. हौस बघा.) त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी श्वेतपत्रिका, कायदे, संसदेतली भाषणं, ब्लॉग आणि याहूवरची लोकांची प्रश्नोत्तरं अशी वेगवेगळी दालनं आहेत. शंका असलेली जोडी, समजा ‘देमो’ आणि ‘शिकाशी’, आधी श्वेतपत्रिकांत शोधायची आणि मग प्रश्नोत्तरांत. आकडे बाजूला ठेवून पहिली वीस-पंचवीस वाक्यं नुसती वाचायची, आणि त्या शब्दाच्या शेजारी शेवट कोणता येतो ते वहीत त्याच ओळीत टिपून ठेवायचं: देस, दा, की दे आरु.